पिंजऱ्यांचं दही

आमच्या मामेसासऱ्यांइतका रिकाम्या जागेवर जीव टाकणारा माणूस उभ्या मद्रासात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो त्यांचाच जुना विद्यार्थी निघेल, हे मी बँकेचा शिक्का मारून लिहून द्यायला तयार आहे. तुमच्याआमच्यासारख्यांना वीतभर जागा मिळाली की आपण तिच्यात काहीतरी कोंबतो. पश्चिम मांबळमच्या त्या लहानशा घरात मामांनी जन्मभर उलटा उद्योग केला. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा ह्याच घरात आम्हाला बसवलं होतं. दिवाणखान्यात भिंतभर काचेचं कपाट, लखलखीत पुसलेलं, आणि आत काही म्हणजे काही नाही. आई माझ्या कानाशी लागली, म्हणाली, बिचाऱ्यांवर सगळं विकायची वेळ आली वाटतं. मामांचे कान तिखट. ते जागचे न हलता म्हणाले, "विकलें नाही. तें रिकामें नव्हे, त्यांत जागा आहे." आईला वाटलं हे काहीतरी अध्यात्म असावं आणि तिनं हात जोडले. मामींनी आतून कपाळाला हात लावला, तो मात्र मला दिसला.

मामांच्या मराठीचं आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढं अडखळायला होईल. बायकोचं माहेर तंजावरी मराठी. ही मंडळी तीनशे वर्षांपूर्वी तिकडं गेली ती भाषा पेटीत घालून घेऊन गेली आणि अजून तीच नेसतात. मामा तोंड उघडतात तेव्हा बखर उघडल्यासारखं वाटतं. फक्त मधेच "सरि, सरि", म्हणजे ठीक, ठीक, येतं आणि वाक्याचा शेवट तमिळ हेलावर वर चढतो. मला ते तमिळ रिवाजाप्रमाणे "माप्पिळै" म्हणतात, म्हणजे जावईबापू. मी सांगलीचा, बँकेच्या बदलीनं इथं आलेला, स्वभावानं तापट आणि घाईचा. सिग्नल हिरवा व्हायच्या आत हॉर्न वाजवणारा. असा माणूस मामांच्या वाट्याला जावई म्हणून यावा हा दोघांवरही अन्यायच होता.

मामा एका मोठ्या संस्थेत रसायनशास्त्र शिकवत आणि स्वतःच्या प्रयोगशाळेत एकच गोष्ट वीस वर्षं करत. ती काय, हे त्यांनी मला एका सकाळी उंबऱ्यात उभं राहून समजावलं. मामी कोलम काढत होत्या. आपली रांगोळीच, पण ठिपक्यांभोवती पिठाच्या रेघा वळवत नेतात तशी. मामा म्हणाले, हे ठिपके धातूचे धरा, ह्या रेघा सेंद्रिय रेणूंच्या, आणि हा सगळा कोलम जमिनीवरून उचलून चेंडूसारखा गुंडाळा. झाला पिंजरा. आत पोकळ, आणि इतका बारका की डोळ्यालाच काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसायचा नाही. असे पिंजरे हवेतली नको ती वाफ आत ओढून कोंडून ठेवतात. आता एवढ्यावर कुणीही समाधान मानलं असतं. मामांचे सहकारी मानतही असत. ते अशाच पोकळ रचनांचे चकचकीत स्फटिक करत, त्यांचे फोटो काढत आणि परदेशी जात. पण स्फटिकाला हवा तो आकार देता येत नाही, जरा दाबला की त्याची भुकटी होते. मामांनी ठरवलं, पिंजरे एकमेकांना लवचिक दोऱ्यांनी बांधायचे आणि त्यांचं दही लावायचं. मऊ, थरथरणारं, मोरपंखी रंगाचं. ज्या भांड्यात ओताल त्या भांड्याचं होणारं. मग त्यातला द्रव अगदी हळूहळू काढून घेऊन त्याच्या जागी हवा ठेवायची. उरतो तो हातात घेतला तरी वजन न लागणारा, सच्छिद्र, मऊ ठोकळा. संस्थेत त्यांना सगळे मागं "तयिर सर" म्हणत, म्हणजे दहीवाले सर. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

दही लागलं की नाही हे पाहायची ह्या लोकांची रीत मोठी गमतीची आहे. यंत्रं असतात, ती नंतर. आधी बाटली उलटी करायची. खाली आलं तर फसलं, वरच राहिलं तर जमलं. वीस वर्षं दिवसातून पन्नास वेळा बाटल्या उलट्या केलेल्या माणसाचा हात मग बाटलीपाशी थांबत नाही. घरात विरजण उलटं व्हायचं, केसरीची, म्हणजे शिऱ्याची, बशी उलटी व्हायची, चटणीचं भांडंसुद्धा सुटायचं नाही. आमच्या लग्नात जेवणाच्या हॉलमध्ये मामा पाहुण्यांची विचारपूस करत फिरत होते. माझ्या वडिलांच्या पानाशी आले, पानावरची दह्याची वाटी उचलली आणि वडिलांच्या रेशमी उपरण्याच्या बरोब्बर वर उलटी धरली. वडील श्वास रोखून वर बघत राहिले. दही जागचं हललं नाही. "उत्तम," म्हणून मामांनी वाटी पुन्हा पानात ठेवली आणि पुढच्या पंगतीकडं वळले. वडील त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सांगलीला परतताना मात्र, दही खरंच चांगलं होतं, एवढं कबूल करून गेले.

आणि घाई म्हणाल तर त्या माणसाला घाईची ॲलर्जी होती. दोऱ्या बांधायला घाई केली की गुठळ्या होतात, वाळवायला घाई केली की ठोकळा पापडासारखा आक्रसतो, असं त्यांचं शास्त्र. ते शास्त्र त्यांनी कॉफीपासून रस्ता ओलांडण्यापर्यंत सगळीकडं लावलं होतं. फिल्टरमध्ये कॉफी उतरायला वीस मिनिटं लागत असतील तर ते वीस मिनिटं फिल्टरसमोर बसत. टी. नगरला मामी साडी घ्यायला निघाल्या की हेही जात, आणि दिवाळीच्या तोंडावर जिथं मुंगीला वाट मिळत नाही त्या रस्त्यावर हा शहाणा हात मागं बांधून उभा राही. गर्दीत फट आपोआप पडते, आपण फक्त थांबायचं, असं म्हणे. आणि खरंच, मी खांदे मारत, शिव्या खात दुकानापर्यंत पोचावं तर मामा आधीच पायरीवर. ह्याचा मला फार राग येई.

तर असा हा माणूस गेल्या साली निवृत्तीला दोन महिने असताना अडचणीत आला. अडचण त्यांनी कुणाला सांगितली नाही, ती मला मामींकडून कळली. संस्थेनं प्रयोगशाळेची खोली दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं ठरवलं होतं. मामांच्या बाटल्या रिकाम्या करून, धुऊन परत करायच्या होत्या. वीस वर्षांच्या दह्याला बाहेरच्या जगात कुणी एकदा वापरून पाहिलं नव्हतं, आणि आता कुणी पाहिलं नाही तर ते कागदांतच राहणार होतं. गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत रबरी हातमोज्यांचा एक कारखाना होता. हातमोज्यांसाठी येणारा रबराचा चीक नासू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात. त्याची वाफ शेडभर पसरते आणि काम करणाऱ्या बायकांचे डोळे, घसा जळतो. ती वाफ मामांचे पिंजरे चांगली धरत. कारखान्याच्या मालकीणबाईंनी ह्यांना दहा मिनिटं दिली होती. मामी भाजी चिरता चिरता खाली मान घालून म्हणाल्या, "ह्यांना नाही म्हणवून घ्यायची सवय आहे. एकटे गेले तर नाही ऐकून, कॉफी पिऊन परत येतील. तुम्ही बरोबर असा."

मी रजा काढली. पहाटेच गाडी घेऊन गेलो. मामा स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यात, मांडीवर झाकणाची काचेची बरणी, बरणीत आदल्या दिवशी लावलेलं मोरपंखी दही. म्हणाले, फार हलवलं की हे रुसतं, पातळ होतं. उगं ठेवलं की पुन्हा बसतं. तेव्हा गाडी सावकाश. मी आयुष्यात प्रथमच सावकाश चालवली. खड्डा आला की गाडी थांबवून, खड्ड्याला नमस्कार करून पुढं जायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. मागचे कंटेनरवाले माझा जो उद्धार करत होते तो मी निमूट ऐकला. आणि इकडं हे महाराज काय करत होते? पहिला सिग्नल लागला, ह्यांनी बरणी उलटी केली. दही जागेवर. "सरि." दुसरा सिग्नल, पुन्हा उलटी. "सरि." मी म्हटलं, मामा, आत्ताच तर पाहिलंत. म्हणाले, हो की, पण मधे तो पूल लागला. माधवरमपर्यंत मी मोजत होतो. एकोणीस वेळा झाल्यावर सोडून दिलं. जपून आणलेलं दही सगळ्यात जास्त कुणी हलवलं असेल तर त्याच्या जन्मदात्यानंच, हे त्या वेळी दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मालकीणबाई पन्नाशीच्या, खळ केलेली सुती साडी, बोलणं भराभर. टेबल काचेचं, त्यावर डायरी, फोन, पेनं ठेवायचा लांबट पितळी ट्रे. त्यांनी बसायच्या आत सांगून टाकलं की गाळण्या विकणारे त्यांच्याकडं ढीगभर येऊन गेले. त्यांच्या गाळण्यांतल्या कडक गोळ्या पंख्याच्या हादऱ्यानं महिन्याभरात भुकटी होतात आणि ती भुकटी पुन्हा बायकांच्याच नाकात जाते. मामांनी मान डोलावली. मग भाषण नाही, प्रस्तावना नाही, बरणीचं झाकण काढलं आणि टेबलावर बरणी उलटी केली.

सगळं बदकन खाली आलं. डायरीवर, फोनवर, ट्रेमध्ये, पेनांसकट. एक ओघळ काचेवरून वाट काढत बाईंच्या बाजूला निघाला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी खिशातला रुमाल काढला, तो पुरणार नाही हे पाहून परत ठेवला. मामींना काय सांगायचं ह्याचीच वाक्यं मी मनात जुळवायला लागलो. मामांचा चेहरा मात्र पालटला नाही. त्यांनी रिकामी बरणी सरळ ठेवली आणि बाईंना तमिळमध्ये शांतपणे सांगितलं की चूक दह्याची नाही, त्यांची आहे, वाटेत त्यांनीच ते सतावलं. एक तासभर ह्या टेबलाला कुणी हात लावू नये. मग मला तमिळ कळत नसल्यासारखं माझ्याकडं वळून म्हणाले, "तें रागावलें आहे. तासभर उगें सोडा, बसेल." माणूस इतका खात्रीनं बोलला की बाईंनी फक्त डायरीकडं एकदा पाहिलं आणि उठल्या. म्हणाल्या, तोवर शेड बघून घ्या.

शेडमध्ये मी तीन मिनिटं टिकलो. डोळ्यांत कुणी कांदा पिळावा तसं झालं. नाकातून, डोळ्यांतून पाणी, आणि घशात चटका. दारात येऊन उभा राहिलो. आत पंचवीस-तीस बायका, तोंडाला ओढण्या बांधलेल्या, चिकात बुडवून वर येणारे साच्याचे चिनीमातीचे हात एकामागून एक तपासत होत्या. मामा आतच उभे होते. रुमालसुद्धा काढला नाही त्यांनी. सगळी शेड ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, वाफ ओढून घेणाऱ्या नळ्या पाहिल्या, त्यांची वळणं बोटांवर मोजली. एका बाईला नोकरीत किती वर्षं झाली ते विचारलं. ती म्हणाली, अठरा. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लालभडक होते. वाफेनं असणार, असं मी स्वतःला सांगितलं. त्यांच्यासाठी पाणी आणलं तर ते ग्लास तसाच हातात धरून पुन्हा शेडकडं वळले. मग म्हणाले, "माप्पिळै, मज वेळ फार झाला. दही नीट बसावें म्हणून मी वीस वर्षें बसलों. ह्या इथें उभ्या होत्या."

मी त्यांना त्यापूर्वी कधी स्वतःवर रागावलेलं पाहिलं नव्हतं. घाई करणाऱ्या माणसाकडं कीव करून पाहणारा हा माणूस, आणि त्याला त्या दारात आपल्या सावकाशीची लाज वाटत होती. मला वाटलं काहीतरी चांगलंसं बोलावं. पण माझ्याकडं तसं काही नव्हतं, म्हणून मी म्हटलं, पाणी प्या. ते प्यायले.

तासानं खोलीत परतलो तर बाई आमच्या आधी टेबलाशी. त्यांनी पितळी ट्रेमधल्या दह्यावर बोट ठेवलं. ते थरथरलं आणि जागच्या जागी राहिलं. ट्रेच्या कोपऱ्यांत, पेनांच्या मधल्या फटींत, जिथं जिथं जागा होती तिथं ते जाऊन बसलं होतं. बाईंनी ट्रे दोन्ही हातांनी उचलला आणि उलटा केला. पेनं अर्धी आत रुतलेली, तीसुद्धा पडली नाहीत. त्यांनी ट्रे तसाच धरून खालून वाकून पाहिला. मग म्हणाल्या, त्यांच्या नळ्यांना इतकी वळणं आहेत की एकही गाळणी सरळ बसत नाही, हे बसेल का. मामा म्हणाले, नळी जशी असेल तसं बसेल. एका नळीवर तीन महिने करून पाहायचं ठरलं, आणि कामाला मागच्या बाजूची एक रिकामी खोली. माझ्या मनात आलं, आता मामा म्हणतील, पुढच्या महिन्यात मुहूर्त पाहू. ते म्हणाले, "आजच सुरू करूं?"

पुढचं सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. घाईचा सराव नसलेल्या माणसानं घाई केली की काय होतं ते त्या खोलीत झालं. पहिले ठोकळे भराभर वाळवायला गेले आणि त्यांचे खरोखरच पापड झाले. ते मामांनी मला घरी आणून दाखवले, ओशाळून, नापास झालेलं प्रगतिपुस्तक दाखवावं तसे. दरम्यान निवृत्तीचा दिवस आला, हार झाला, शाल झाली, बाटल्या धुऊन परत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हे गुम्मिडिपूंडीच्या बसमध्ये. त्यांची शेवटची विद्यार्थिनी सुटीच्या दिवशी मदतीला जाई. दोघांनी मिळून वाळवण्याचा वेग शोधून काढला. आधी होता तितका संथही नाही आणि पापड होईल इतका जलदही नाही. एका नळीच्या दोन झाल्या, दोनाच्या सगळ्या. मग मामांची तिथली गरज संपली, कारण ठोकळे बदलायचं काम आता तिथलीच माणसं करतात.

गेल्या महिन्यात मामा म्हणाले, एकदा नेऊन आणा. गेलो. मामांचे दिवस मागच्या खोलीत गेले होते, त्यामुळं शेडचा सुपरवायझर आम्हाला ओळखत नव्हता; बाईंनी पाठवलेत म्हणून त्यानं आत सोडलं आणि चालता चालता आपलं गाऱ्हाणं सांगायला सुरुवात केली. म्हणाला, ह्या नव्या गाळण्या लागल्यापासून त्याच्या डोक्याला ताप झालाय. पूर्वी वाफेमुळं कुणी तोंड उघडत नसे, काम कसं गप्प चालायचं. आता ओढण्या सुटल्या आणि दिवसभर नुसती बडबड. सुनांची, नणंदांची, कुणाच्या मुलाला कुठं नोकरी लागली त्याची. मशीनचा आवाज ऐकू येत नाही म्हणाला. मामांनी दाराजवळच्या एका पोरसवदा मुलीला विचारलं, आता वास येतो का. तिनं हातातला मोजा बाजूला ठेवला, जरा विचार केला आणि विचारलं, कसला वास, सर? ती नुकतीच लागली होती. उत्तराची वाट न बघता ती शेजारणीकडं वळली, कारण तिची गोष्ट अर्ध्यावर राहिली होती.

मला राग आला. म्हटलं, मामा, हिला कुणीतरी सांगायला हवं तुम्ही कोण ते. मामा म्हणाले, "कशास? वास आला असता तर सांगितलें असतें." आणि भिंतीला टेकून उभे राहिले, डोळे मिटून. तीस बायका एकाच वेळी बोलत होत्या. कुणाच्या तरी वहिनीनं काहीतरी भयंकर केलं होतं आणि शेडभर हशा चालला होता. ऊन कलायला लागलं, परतीच्या रस्त्यावर कंटेनरची रांग लागायची वेळ झाली, आणि मी, ज्याला सिग्नलवर दम धरवत नाही तो मी, त्या माणसाशेजारी अर्धा तास गुमान उभा होतो. त्याच्या वीस वर्षांचं काय झालं ते मला तिथं नुसतं ऐकू येत होतं, आणि मला रडू येत होतं. निघू या का म्हणून मी एकदाच विचारलं. मामा डोळे न उघडता म्हणाले, "थोडें थांबा. त्या वहिनीचें पुढें काय झालें, तेवढें ऐकूं द्या."